हशा उतरेपर्यंत

४ मार्च

रोजनिशी पुन्हा सुरू करतोय, आणि प्रयोगाचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच लिहिणार आहे. नटाने प्रयोगाच्या रात्री काही लिहू नये. डोक्यातलं वारं उतरलेलं नसतं आणि मग आपलं शिंकणंसुद्धा ऐतिहासिक वाटतं.

तर, अकरा वर्षांनी नाटक करतोय. मधल्या काळात सोळा चित्रपट झाले आणि नऊ वर्षं एका मालिकेत आजोबा झालो. लोक अजून रस्त्यात थांबवून तब्येत विचारतात. माझी नव्हे, त्या आजोबांची.

नाटक झकास आहे. निवृत्त न्यायाधीश सासरा आणि त्याची सून. मुलगा घर सोडून गेलाय. म्हाताऱ्याला धक्का बसेल म्हणून सून सांगते, तो कामासाठी बाहेरगावी आहे, आज येईल, उद्या येईल. रोज तीन कप चहा मांडते. म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत असतं, पण सुनेला वाईट वाटू नये म्हणून तो वेड पांघरून पेडगावला जातो. दोन तास दोघं एकमेकांना थापा मारतात. लोक हसून लोळतील आणि शेवटच्या पाच मिनिटांत डोळे पुसतील. असं नाटक दहा वर्षांत एकदा येतं, आणि ते बरोबर माझ्या दारात आलं.

दिग्दर्शक पस्तिशीचा आहे, पण मला मान देतो. सून करणारी मुलगी नवीन. अभिनय बरा, आवाज म्हणजे चिमणी. मी तिचं नावच चिमणी ठेवून टाकलं. ती हसली. बहुतेक हसली.

१९ मार्च

तालमी सुरू होऊन दोन आठवडे झाले. या पिढीला बोलायला काय होतं कळत नाही. गळ्यात माइक आला आणि यांच्या जिभेने राजीनामा दिला. आज चिमणीला तालमीच्या हॉलच्या शेवटच्या भिंतीशी उभं केलं आणि शब्दफेकीवर अर्धा तास ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दिग्दर्शक म्हणाला, "काका, ती मोठ्यानेच बोलतेय."

मी म्हणालो, "हे मोठ्याने असेल तर हळू बोलताना ती पत्र पाठवते का?"

सगळे हसले. ते मला दिसलं.

मी आपला तिच्या ओठांकडे बघत राहतो, म्हणजे निदान वाक्य संपलं कधी ते कळतं. दिग्दर्शक म्हणाला, समोरच्या नटाकडे इतकं एकाग्रतेने बघणारा माणूस त्याने पाहिला नाही. मी म्हणालो, "बाळा, यालाच ऐकणं म्हणतात." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

घरी शांतता आहे. ही हल्ली फारसं बोलत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हिला मौनाची गोडी लागली. माझे मित्र हेवा करतात. टीव्हीवरून तेवढी कुरबुर असते. ही आवाज कमी करते, मी वाढवतो.

२ एप्रिल

एका चित्रपटाचं डबिंग होतं. कानांवर हेडफोन चढवला आणि जिवाला बरं वाटलं. स्टुडिओत लोक कसे स्वच्छ बोलतात. समोरच्या नटीचा श्वाससुद्धा कळत होता. ध्वनिमुद्रण करणारा आमचा जुना माणूस आहे, मी त्याला खुंटी म्हणतो, कारण दिवसभर तो आवाजाच्या खुंट्या पिळत बसतो. म्हणाला, "काका, एवढा आवाज ठेवू? कानाला त्रास होईल."

मी म्हणालो, "मला सगळं स्पष्ट लागतं. कामाची सवय आहे."

चार तासांचं काम दीड तासात उरकलं. म्हातारा अजून संपलेला नाही.

१६ एप्रिल

काल पहिला प्रयोग झाला. नाट्यगृह भरलेलं. प्रेक्षक दगड.

हे लिहून ठेवतो, कारण पुढे आत्मचरित्रात लागेल. विनोदी नाटकात वाक्य म्हणणं ही अर्धी विद्या. उरलेली अर्धी म्हणजे हशा सांभाळणं. हशा चढतो, टिकतो, उतरायला लागतो. चढताना पुढचं वाक्य टाकलं तर ते हशात बुडतं आणि लोक पुढच्या वेळी जपून हसतात. पूर्ण विझल्यावर टाकलं तर नाटक थंड पडतं. उतरता उतरता टाकायचं. हे घड्याळाने होत नाही, पोटातून होतं, आणि माझं पोट चव्वेचाळीस वर्षं चुकलेलं नाही.

काल पहिल्या हुकमी जागेला थांबलो. काही नाही. दुसऱ्या जागेला किंचित खसखस. मग मी थांबणंच सोडलं. हशा नसताना थांबलेला नट म्हणजे बस निघून गेल्यावर थांब्यावर उभा राहिलेला माणूस. वेग वाढवला, आवाज चढवला, दोन-तीन जागा जरा रंगवल्या. प्रवेश खेचून नेला म्हणा ना. मध्यंतरात चिमणीचा चेहरा उतरलेला होता. नवीन माणसाला पडलेला प्रयोग पचत नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली, म्हणालो, "मी आहे ना. ओढतो."

निर्मातीणबाई शेवटी भेटायला आल्या. पंधरा वर्षांची ओळख आहे, दादा म्हणतात. बराच वेळ काहीतरी बोलल्या. मी हसून मान हलवली. यशस्वी माणसाने अशा वेळी जास्त प्रश्न विचारू नयेत.

२३ एप्रिल

चौथा प्रयोगही तसाच. आज दिग्दर्शकाला सरळ सांगितलं की चिमणीला बदल. तिचं वाक्य प्रेक्षकांपर्यंत जात नाही, म्हणून माझ्या उत्तराला हशा येत नाही. पायाच कच्चा असेल तर वर माडी कशी चढवणार? तो म्हणाला, "विचार करतो, काका."

विशेष म्हणजे तिसऱ्या रांगेत खर्ज बसला होता. हा माझ्याच वयाचा नट. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून खर्ज. त्याच्याशी बोलताना मात्र काही त्रास नाही, शब्दन् शब्द पोचतो. जुन्या माणसांची तयारीच वेगळी. आमचं कधी फारसं जमलं नाही, तरी आला. शिकायला लाज बाळगू नये हे त्याला सत्तरीत कळलं, हरकत नाही.

८ मे

गाडी रुळावर आली. सलग तीन प्रयोग रंगले. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात हे दिसतं. कालच्या वर्तमानपत्रात छापून आलंय, 'सुरुवातीच्या प्रयोगांतली घाई जाऊन ज्येष्ठ नटाला त्यांची जुनी लय सापडली आहे.' कात्रण हिला दाखवलं. हिने वाचलं आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग चहा टाकायला गेली. कौतुक करणं हिच्या रक्तातच नाही.

लय सापडायला ती हरवली कुठे होती? प्रेक्षक सुधारले, एवढंच.

चिमणीने मात्र एक बावळट सवय लावून घेतली आहे. मी विनोदी वाक्य टाकलं की जिथे असेल तिथे हात ठेवते. खुर्चीची पाठ, दाराची चौकट, टेबलाची कड. ठेवते आणि काही वेळाने उचलते. मला माझ्या गुरूंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की समोरच्याच्या हालचालीवर आपलं वाक्य टाकायचं नाही, दोन्ही वाया जातात. म्हणून मला झक मारत तिचा हात उचलला जाईपर्यंत थांबावं लागतं. नशीब, माझी लय पक्की आहे म्हणून निभावतं. तिला बोललो, "हात आवर." तिने मान डोलावली आणि पुन्हा तेच केलं. म्हणून दिग्दर्शकाला परत आठवण केली की बदलायचं काय झालं.

खर्ज पुन्हा आला होता. या वेळी हातात नाटकाची प्रत. वेडाच आहे, एवढं आवडलंय तर सही मागायची.

१४ मे

नाटकाच्या जाहिरातीसाठी चित्रणातले तुकडे निवडायचे होते म्हणून खुंटीच्या स्टुडिओत गेलो होतो. निर्मातीणबाईंनी पहिला आणि आठवा असे दोन प्रयोग चित्रित करून घेतले आहेत. मी बसलो, हेडफोन चढवला आणि त्याला म्हणालो, "हे बघ, प्रेक्षक ठोंबे होते. मालिकेत घालायचो तसा थोडा हशा मागून घाल. कोणाला कळतंय?"

खुंटी म्हणाला, "काका, मी हशा कमी केलाय. तुमचं वाक्य ऐकू येईना म्हणून."

त्याने पहिला प्रयोग लावला.

सगळं नाट्यगृह हसत होतं. पहिल्या जागेला, दुसऱ्या जागेला, जिथे मी खसखस लिहिलीय तिथे तर बायकांचा आवाज असा उसळला होता की खुंटीने घाईने खुंटी पिळली. आणि त्या हशातून एक म्हातारा ओरडत, धावत चालला होता. एकही हशा त्याने पुरा होऊ दिला नाही. मग लोक हळूहळू हसायचे थांबले. असला नट मी तरुणपणी पाहिला असता तर नक्कल करून दाखवली असती. चिमणीचं वाक्य घंटेसारखं स्वच्छ होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग आठवा. त्यात मी उत्तम आहे. एकेक हशा पुरता चढतो, टिकतो, उतरायला लागतो, आणि बरोबर त्या क्षणी चिमणीचा हात खुर्चीवरून उचलला जातो. मग मी बोलतो.

खुंटीला म्हणालो, "परत लाव." त्याने तीनदा लावला.

१५ मे

काही लिहिण्यासारखं नाही.

१७ मे

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं म्हणाल्या. बराच वेळ मी काही न दाबता बसलो होतो. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय.

त्यांनी कागदावर लिहून समजावलं. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बायका, मुलं, पाखरं. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. म्हणजे या जगात मला यापुढे कोणी राहणार असेल तर तो खर्ज.

कानांत यंत्रं घालून घरी आलो. दारातच थबकलो. ही स्वयंपाकघरात बोलत होती. एकटीच, भांडी विसळता विसळता. गवार महाग झाली, बहिणीचा गुडघा दुखतो, यांच्या सदऱ्याचं बटण कुठे ठेवलं. मी मागे उभा राहिलो.

"तू कधीपासून अशी स्वतःशी बोलतेस?"

ती दचकली. मग माझ्या कानांकडे बघितलं आणि पाण्याचा नळ बंद केला.

"स्वतःशी नाही बोलत. तुमच्याशीच बोलते. तीन वर्षं झाली. आधी तीन-तीनदा सांगायचे. डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, लोक पुटपुटतात. नाचता येईना अंगण वाकडं. मग म्हटलं, आपण बोलत राहावं."

मला बसावंसं वाटलं. बसलो. हिने बहिणीच्या गुडघ्याचं सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि मी सगळं ऐकलं. फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

१९ मे

निर्मातीणबाई आणि दिग्दर्शक घरी आले होते. मी विचारायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं. खर्जाला बोलावलंय. दुसऱ्या प्रयोगापासूनच तो ठरला होता. त्याची भूमिका पाठ आहे, कपडेही शिवून झाले आहेत. मधले प्रयोग कसे सुधारले हे खुंटीने चित्रण दाखवेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं, म्हणून निर्णय लांबला.

"पण दादा, मोठ्या दौऱ्याला निघायचंय. रोज नवं गाव, नवं नाट्यगृह. मी एका मुलीच्या हातावर चाळीस प्रयोग कसे टांगू?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असतो तर कपडे जरा आधीच शिवले असते.

दिग्दर्शक म्हणाला, भूमिकेतच यंत्र घालू, न्यायाधीशाला कमी ऐकू येतं असं दाखवू. मी म्हणालो, "नाही. तो म्हातारा सगळं ऐकतो आणि ऐकलं नाही असं दाखवतो. तेच तर नाटक आहे. मी त्याच्या बरोबर उलटा."

यावर ही आतून हसली. मला ऐकू आलं.

शेवटी बाई म्हणाल्या, परवाचा प्रयोग तुमचा. खर्ज तयार होऊन विंगेत बसेल. त्यानंतर ठरवू.

२० मे

चिमणीकडे जाऊन आलो. भाड्याची खोली आहे, एक खाट आणि पुस्तकं. मला बघून तिने एकुलती खुर्ची रिकामी केली. चव्वेचाळीस वर्षांत मी सहकलाकाराच्या घरी माफी मागायला कधी गेलो नव्हतो, त्यामुळे तालीम नव्हती. सरळ म्हणालो, "मी तुला काढायला सांगितलं होतं."

"माहितीये, काका. दोनदा."

"मग हात कशाला ठेवत होतीस?"

"नाटक चांगलं आहे. आणि तुम्ही थांबलात की फार छान काम करता."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिसऱ्यांदा सांगितलं असतं आणि मग मी गेलेच असते."

तिला म्हणालो की यंत्र लावून मी आज तालीम करून पाहिली. माइकजवळ गेलं की कानात शिट्टी वाजते, पंखा विमानासारखा घोंघावतो आणि माझाच आवाज मला शेजाऱ्याच्या भांडणासारखा येतो. महिनाभरात सवय होईल म्हणतात. माझ्याकडे महिना नाही, उद्याचा दिवस आहे.

"उद्या यंत्र काढून उभा राहणार आहे," मी म्हणालो. "तू हात ठेवलास की थांबेन, उचललास की बोलेन. माझं पोट बंद. मला काही वेगळं वाटलं तरी तुझंच खरं."

"आणि मी चुकले तर?"

"तर दोघं पडू. तुझ्यामुळे पडलो असं कोणाला सांगणार नाही."

"याआधी सांगितलंत," ती म्हणाली, आणि हसली. नक्की हसली; यंत्र चालू होतं.

२२ मे

कालचा प्रयोग.

तिसऱ्या घंटेला यंत्रं काढून हिच्या हातात दिली. ही पहिल्यांदाच विंगेत बसली होती, खर्जाच्या शेजारी. खर्ज माझ्यासारखेच कपडे घालून, माझ्यासारखीच काठी घेऊन. त्याने मला मान लववून नमस्कार केला. मीही केला. दोघांनाही एकमेकांबद्दल काय वाटतं ते माहीत होतं.

पडदा वर गेला आणि मी पाण्याखाली उतरलो. एरवी अशा वेळी मी प्रेक्षकांना अंदाजाने ओढायला लागतो. काल फक्त तिचा हात बघितला. ठेवला की थांबलो. चहाचा घोट घेतला, चष्मा पुसला, वर्तमानपत्र उलटलं. थांबण्यात किती काय काय करता येतं ते विसरलोच होतो. उचलला की बोललो. भीती वाटत होती, खोटं का लिहू. पण मध्यंतरानंतर कधीतरी भीती उतरली आणि काम करायला मजा यायला लागली. तिशीत यायची तशी.

शेवटचा प्रवेश. सून नेहमीप्रमाणे तीन कप मांडते. म्हातारा बघतो आणि म्हणतो, "आजपासून दोनच कप मांड." तिला कळतं की याला पहिल्यापासून माहीत होतं. लगेच पुढे माझं वाक्य आहे, "आणि माझ्यात साखर कमी." मी आजवर ती दोन्ही वाक्यं एका दमात म्हणत आलो.

काल पहिलं वाक्य म्हटलं आणि चिमणीने हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

मला कळेना. ही हशाची जागा नाही. म्हणजे लोक भलत्याच ठिकाणी हसतायत, प्रवेश हातातून गेला, सावरायला हवं, पुढचं वाक्य टाकायला हवं. जिभेच्या टोकावर होतं. पण शब्द दिला होता. तिच्या हाताकडे बघत बसलो. हात हलेना. मी कपांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात तिथेच. इतका वेळ रंगमंचावर मी आयुष्यात गप्प बसलो नसेन. घाम मानेवरून खाली आला. मग तिने हात उचलला आणि मी साखरेचं म्हणालो.

पडदा पडल्यावर रंगपटात निर्मातीणबाई आल्या. खर्ज त्यांच्या मागे होता, काठी नसलेला. माझे कान अजून हिच्या पर्समध्ये होते, पण खर्जाचं मला यंत्राशिवायही ऐकू येतं. म्हणाला, "मी दौऱ्याला येत नाही. हे मला जमणार नाही." आणि बाईंकडे न बघता निघून गेला.

मला वाटलं तो चेष्टा करतोय. यंत्रं लावली आणि चिमणीला समोर बसवलं. तिला म्हणालो, आता प्रयोग सांग, कुठे काय आलं. तिने एकेक जागा सांगितली. पहिल्याला मोठा, दुसऱ्याला त्याहून मोठा, चष्म्याच्या जागेला टाळी. मी ऐकत गेलो.

"आणि कपांना?" मी विचारलं. "तिथे का हसले?"

"तिथे कोणी हसलं नाही, काका," ती म्हणाली. "कोणी खोकलंसुद्धा नाही. एवढे लोक नुसते गप्प बसले होते. मला हात उचलवेना."

ही दारात उभी होती. तिच्याकडे बघितलं तर तिने मान हलवली, की हो, खरं आहे.

मला ऐकू येत होतं त्या सगळ्या वर्षांत मी लोकांना असं गप्प बसू दिलं नव्हतं. दोन क्षण शांत गेले की घाबरून पुढचं वाक्य टाकत आलो. काल पहिल्यांदा थांबलो, आणि तेही मला काही कळत नव्हतं म्हणून.